कन्फ्यूशियसची टोपी आणि मुलाची मुंज

सिंगापूरहून एका वाचक भगिनीने लिहिलं आहे: "मुलाची मुंज मे महिन्यात पुण्यात करायची आहे. सासऱ्यांची इच्छा आहे की तीनशे पानं उठावीत. परवा व्हिडिओ कॉलवर आमचे हे त्यांना म्हणाले, 'आमचे चिनी शेजारी पैसा कसा जपतात बघा! अडीच हजार वर्षांपूर्वी कन्फ्यूशियसने त्यांना काटकसर शिकवली.' तेव्हापासून बाबा बोलत नाहीत. मी मधल्यामध्ये काय करू?"

ताई, तुमच्या यजमानांनी कन्फ्यूशियसचं नाव काढलं ते एका परीने बरंच झालं. पण त्यांना त्याचं अर्धंच म्हणणं ठाऊक आहे.

आधी शेजाऱ्यांचं. त्यांच्या बचतीचं सगळं श्रेय कन्फ्यूशियसला देऊ नका. सिंगापुरात 1955 पासून सीपीएफ, म्हणजे सक्तीचा भविष्यनिर्वाह निधी आहे. 55 वर्षांपर्यंतच्या नोकरदाराच्या पगारातून साधारण 20 टक्के कापले जातात, मालक वर 17 टक्के घालतो. तुम्ही कायम रहिवासी असाल तर तुमचेही कापले जात असतील. पहिली दोन वर्षं जरा कमी दराने. ही बचत कायद्याने होते. दक्षिण कोरियावरही कन्फ्यूशियसचा तेवढाच पगडा, पण तिथल्या कुटुंबांची बचत 1990 च्या सुमारास उत्पन्नाच्या 20 टक्क्यांच्या वर होती, ती क्रेडिट कार्डांच्या लाटेत 2002 पर्यंत 5 टक्क्यांच्याही खाली आली.

आता त्याच्या वचनांकडे वळते. ती 'लुन्यू' या संग्रहात आहेत. त्यातलं टोपीचं वचन मला फार मोलाचं वाटतं. रीतीप्रमाणे विधीची टोपी वाखाच्या बारीक धाग्यांची हवी. पण ती विणायला फार कष्ट, म्हणून लोक रेशमाची घालू लागले. त्यात काटकसर होती. कन्फ्यूशियस म्हणतो, मीही लोकांसारखंच करतो. पुढे तो म्हणतो, राजाला नमस्कार पायऱ्यांच्या खाली उभं राहून करायचा असतो. हल्ली लोक वर चढून गेल्यावर करतात, हा उद्दामपणा आहे. सगळे तसं करत असले तरी मी खालूनच करीन.

टोपी बदलली तरी चालेल, नमस्कार बदलायचा नाही!

त्याचा लाडका शिष्य यान ह्वेई गरिबीतच वारला. शवपेटीला बाहेरून दुसरी पेटी हवी, त्यासाठी तुमचा रथ विका, असं त्याच्या वडिलांनी सुचवलं. कन्फ्यूशियसने नकार दिला. स्वतःच्या मुलालाही त्याने एकाच पेटीत पुरलं होतं. पण याच शिष्यासाठी तो इतका रडला की सोबतचे लोक म्हणाले, हा शोक फार झाला. अंत्यविधीत थाटापेक्षा दुःख खरं असावं, असंही त्याचं एक वचन आहे.

तुमच्या शेजारच्या आजीही असंच काही करत असतील, जरा बघा. वर्षभर जपून खर्च करणारी अशी माणसं चिनी नववर्षाला लाल पाकिटात कोऱ्या नोटा घालून मुलांना देतात, आणि आदल्या रात्रीच्या घरच्या जेवणात हात आखडत नाहीत. (त्यांची रक्कम सम लागते, आपण वर एक रुपया ठेवून ती विषम करतो. भावना एकच.)

तर मुंजीतली टोपी कोणती? हॉल, रोषणाई, चार प्रकारची पक्वान्नं, परतीच्या भेटी, आणि हो, तीनशे पानंही. ऋण काढून सण नको, हे सासऱ्यांच्या पिढीला आपण शिकवायची गरज नाही. त्यांना पानं कशासाठी हवीत, ते विचारा. ज्यांच्या लग्नामुंजींना ते आयुष्यभर जेवून आले, त्यांना एकदा आपल्या दारी बोलवायचं असेल. मग यादी त्यांच्याचकडून करून घ्या. मला वाटतं, त्यांनी स्वतः लिहायला घेतली की ती दीडशेवर थांबेल. नाही थांबली, तर पक्वान्नं कमी करा, माणसं नकोत.

नमस्कार म्हणजे मातृभोजन, भिक्षावळ, वडिलांनी मुलाला दिलेला मंत्र, आणि आजोबांना सन्मानाने विचारणं. शेवटचं तेवढं तुमच्याकडून राहून गेलं. हिशेब फोनवर झाला, तोही शेजाऱ्यांचा दाखला देऊन.

म्हणून डिसेंबरच्या शाळेच्या सुट्टीत यजमानांना मुलासह पुण्याला पाठवा. बाबांना वाकून नमस्कार करायचा, आणि तारीख, जागा, यादी सगळं त्यांच्यापुढे बसून ठरवायचं. त्या दिवसांत विमानाचं तिकीट महाग असतं. तरी काढा.