अल्लाहला कोणी निर्माण केले, हा प्रश्न आणि विज्ञान

तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न एकत्र आले आहेत. प्रत्येक गोष्टीला कारण असते, तर अल्लाहला कोणी निर्माण केले? विज्ञानाने विश्वाच्या उत्पत्तीचा उलगडा केल्यावर निर्मात्याची गरज काय उरते? आणि मुसलमानाने असे विचारणे पाप आहे का? मी आलिम, म्हणजे धर्मशास्त्राचा विद्वान, नाही. ईमान (श्रद्धा) बाळगणारा आणि पदार्थविज्ञान शिकलेला एक सामान्य मुसलमान आहे. शाळकरी वयात हाच प्रश्न मी एका वडीलधाऱ्या शिक्षकांना विचारला होता, तेव्हा "असले विचार सैतान मनात घालतो" एवढेच म्हणून त्यांनी मला गप्प बसवले. त्यांचे म्हणणे अर्धे खरे होते, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. त्याबद्दल शेवटी लिहितो.

प्रथम तुमच्या पहिल्या विधानाकडे पाहू. "प्रत्येक गोष्टीला कारण असते" असे इस्लामी विचारवंतांनी म्हटलेले नाही. त्यांचे विधान याहून नेमके आहे: जे आधी नव्हते आणि नंतर अस्तित्वात आले, त्याला कारण लागते. ज्याला आरंभच नाही, त्याला त्यांनी कदीम म्हटले, आणि कदीम असणे हे फक्त अल्लाहचे वैशिष्ट्य मानले. ज्या देवाला आईबाप आहेत, त्याच्याविषयी "हा कोठून आला" असे विचारणे योग्यच आहे. ग्रीक पुराणकथांत झ्यूस हा क्रोनसचा पुत्र आहे आणि त्याच्या जन्माची कथाही आहे. कुरआनच्या ११२व्या अध्यायात, अवघ्या चार आयतींच्या (वचनांच्या) सूरह इख्लासमध्ये, अल्लाहची जी ओळख करून दिली आहे, तिच्यात ही शक्यताच नाकारली आहे: तो एक आहे, तो समद आहे, म्हणजे त्याला कोणाची गरज नाही आणि सर्वांना त्याची गरज आहे, त्याने कोणाला जन्म दिला नाही, त्याला कोणी जन्म दिला नाही, आणि त्याच्या तोडीचा कोणीही नाही. त्यामुळे ज्याला कोणीतरी निर्माण केले आहे, तो काहीही असला तरी मुसलमान ज्याच्यापुढे सजदा करतो (माथा टेकतो) तो अल्लाह नव्हे.

यावर तुम्ही म्हणाल की ही तर पळवाट झाली: सर्वांना एक नियम लावायचा आणि अल्लाहला त्यातून सूट द्यायची. हा आक्षेप मला गंभीर वाटतो, आणि त्याला सर्वांत भक्कम उत्तर तत्त्वज्ञ इब्न सीना (मृत्यू १०३७) यांनी दिले आहे असे माझे मत आहे. त्यांनी अस्तित्वाचे दोन प्रकार केले. काही गोष्टी असू शकतात आणि नसूही शकतात, आणि त्या आहेत याचे कारण त्यांच्या बाहेर असते. याला त्यांनी मुमकिन म्हटले. ज्याचे अस्तित्व स्वतःचेच आहे, जे नसणे शक्यच नाही, त्याला वाजिबुल वुजूद म्हटले. मी हे स्वतःला उसनवारीच्या उदाहरणाने समजावतो. एकाने दुसऱ्याकडून पैसे उसने घेतले, दुसऱ्याने ते तिसऱ्याकडून उसने घेतलेले होते, तिसऱ्याने चौथ्याकडून. ही साखळी कितीही लांबवली, अगदी अनंत केली, तरी तिच्यातला प्रत्येक जण उसनवारीवरच असेल तर ते पैसे मुळात आले कोठून, हे कळत नाही. ज्याच्याकडे स्वतःचे पैसे आहेत असा कोणीतरी असावाच लागतो, आणि "त्याने ते कोणाकडून उसने घेतले" हा प्रश्न त्याला लागू होत नाही. येथे त्याला सूट दिलेली नाही, कारण नियमच मुळी उसने घेणाऱ्यांविषयी होता.

तरीही कोणी विचारील की थांबायचेच आहे, तर विश्वापाशीच का थांबू नये? १९४८ साली बीबीसी रेडिओवर कॅथलिक धर्मगुरू फ्रेडरिक कॉपल्स्टन यांच्याशी झालेल्या चर्चेत तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांनी नेमकी हीच भूमिका घेतली होती: विश्व आहे, आणि त्यापलीकडे विचारण्यासारखे काही नाही. मला ती पटत नाही, कारण विश्वात जे जे दिसते ते बदलते, घडते, मोडते आणि वेगळ्या प्रकारेही असू शकले असते. कुरआनच्या सहाव्या अध्यायात हजरत इब्राहीम (अ.) तारा पाहतात, चंद्र पाहतात, मग सूर्य पाहतात, आणि तारा मावळल्यावर म्हणतात की मावळणाऱ्यांवर माझे प्रेम नाही. तो आकाशनिरीक्षणातून काढलेला निष्कर्ष आहे, आणि मला तो तर्काच्या दृष्टीनेही फार मोलाचा वाटतो: जे मावळते ते स्वतःच्या बळावर उभे नसते. मात्र रसेल यांची भूमिका मूर्खपणाची आहे असे मी म्हणणार नाही. प्रामाणिक माणसांच्या वाटा येथे वेगळ्या होतात. वाजिबुल वुजूदपासून दुआ (प्रार्थना) ऐकणाऱ्या, दयाळू अल्लाहपर्यंतचे अंतरही एकट्या तर्काने कापले जात नाही. त्यासाठी मी वहीवर, म्हणजे प्रेषितांकडे आलेल्या ईश्वरी संदेशावर, विश्वास ठेवतो आणि तो विश्वास आहे हे मान्य करतो.

आता विज्ञान. विश्व सुमारे १३.८ अब्ज वर्षांपूर्वी अतिशय उष्ण आणि घन अवस्थेत होते आणि तेव्हापासून प्रसरण पावत आहे, याचे पुरावे भक्कम आहेत. त्या अवस्थेतून उरलेले सूक्ष्मलहरींचे प्रारण पेंझियास आणि विल्सन यांना सापडले व १९६५ साली ते प्रसिद्ध झाले. अनेक मुसलमान वक्ते यावरून लगेच २१व्या अध्यायातील तिसावी आयत दाखवतात, जिच्यात आकाश आणि पृथ्वी एकत्र जोडलेली होती व अल्लाहने ती वेगळी केली असे म्हटले आहे, आणि महास्फोट कुरआनमध्ये चौदाशे वर्षांपूर्वीच सांगितला होता असा दावा करतात. मी तो दावा करत नाही. जुन्या भाष्यकारांनी त्या आयतीचे अनेक अर्थ लावले आहेत, आणि वैज्ञानिक सिद्धांत नव्या पुराव्यांनुसार बदलत राहतात. ईमान त्यांच्यावर टांगले, तर सिद्धांत बदलला की ईमानही लोंबकळू लागेल. शिवाय महास्फोटाचा सिद्धांत विश्व कसे पसरले हे सांगतो. मुळात काहीच नसण्याऐवजी काहीतरी का आहे, हे तो सांगत नाही. निर्वात पोकळीतून कण उत्पन्न होतात म्हणून विश्व शून्यातून आपोआप आले, असे सांगणारेही घाई करतात, कारण त्या पोकळीलाही क्षेत्रे, ऊर्जा आणि नियम असतात. ते शून्य नव्हे.

एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे, कारण ती फारशी सांगितली जात नाही. इब्न सीना विश्वाला कालदृष्ट्या अनादी मानत होते आणि तरीही ते अल्लाहवर अवलंबून आहे असे म्हणत होते. धर्मशास्त्री इमाम गझाली (१०५८–११११) यांनी 'तहाफुतुल फलासिफा' या ग्रंथात या मतावर कठोर टीका केली आणि त्याला कुफ्र (ईमान नाकारणे) ठरवले. पुढे तत्त्वज्ञ इब्न रुश्द (११२६–११९८) यांनी गझालींचे खंडन केले. विश्वाला आरंभ आहे असे मी कुरआनच्या आधारे मानतो, म्हणजे त्या मुद्द्यावर गझालींच्या बाजूचा आहे; पण उद्या विश्वशास्त्राला महास्फोटापूर्वीची एखादी अवस्था सापडली, तरी उसनवारीचा युक्तिवाद जागचा हलणार नाही.

त्याच ग्रंथाच्या प्रस्तावनेत गझाली ग्रहणाचे उदाहरण देतात. पृथ्वी, चंद्र आणि सूर्य एका रेषेत आल्याने ग्रहण होते, हे गणिताने सिद्ध झालेले आहे, आणि ते नाकारणे हे धर्मकर्तव्य आहे असे जो समजतो तो धर्माचेच नुकसान करतो, असे ते म्हणतात. प्रेषित मुहम्मद (स.) यांचा लहानगा मुलगा इब्राहीम वारला त्याच दिवशी सूर्यग्रहण झाले, आणि सूर्य त्याच्या मृत्यूमुळे झाकोळला असे लोक म्हणू लागले. शोकात असलेल्या पित्याने ते म्हणणे चालू दिले असते तर कोणाला आश्चर्य वाटले नसते. पण प्रेषितांनी सांगितले की सूर्य आणि चंद्र या अल्लाहच्या दोन निशाण्या आहेत आणि कोणाच्या मृत्यूने किंवा जन्माने त्यांना ग्रहण लागत नाही. ही हदीस, म्हणजे प्रेषितांच्या वचनाची नोंद, बुखारींच्या संग्रहात आहे. म्हणून नैसर्गिक कारण सापडले की निर्माता अनावश्यक होतो, ही कल्पना मला परकी वाटते. १९७९ सालचे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक अब्दुस सलाम, स्टीव्हन वाइनबर्ग आणि शेल्डन ग्लॅशो यांना एकाच सिद्धांतासाठी मिळाले. सलाम यांनी त्या समारंभात सूरह मुल्कच्या आयती उद्धृत केल्या, तर वाइनबर्ग उघडपणे निरीश्वरवादी होते. समीकरणे मात्र दोघांची एकच होती.

राहिला पापाचा प्रश्न. बुखारी आणि मुस्लिम या दोन संकलकांच्या संग्रहांत एक हदीस आहे: सैतान माणसाकडे येऊन हे कोणी निर्माण केले, ते कोणी निर्माण केले असे विचारत जातो आणि शेवटी तुझ्या पालनकर्त्याला कोणी निर्माण केले असे विचारतो, तेथे पोहोचल्यावर माणसाने अल्लाहचा आश्रय मागावा आणि थांबावे. माझ्या शिक्षकांनी मला ही हदीस ऐकवली होती, फक्त तिचा अर्थ "विचार करू नकोस" असा लावून. मला तिचा अर्थ असा वाटतो की "कोणी निर्माण केले" ही साखळी कोठेतरी संपते आणि ती जेथे संपते तेथे तिला पुढे ओढण्यात अर्थ नसतो. विचार करायला तर कुरआनच लावतो. ५२व्या अध्यायात तो विचारतो: हे लोक कशाशिवायच निर्माण झाले, की हेच स्वतःचे निर्माते आहेत? बद्रच्या लढाईतील कैद्यांविषयी बोलायला मदीनेत आलेले जुबैर इब्न मुतइम तेव्हा मुसलमान नव्हते. मगरिबच्या (सूर्यास्तानंतरच्या) नमाजात प्रेषितांच्या मुखातून ही आयत ऐकताना आपले काळीज जणू उडून जाईल असे वाटले, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे.

मुस्लिमच्या संग्रहात आणखी एक हदीस आहे. काही सहाबा, म्हणजे प्रेषितांचे सोबती, त्यांच्याकडे आले आणि म्हणाले की आमच्या मनात असे विचार येतात की ते तोंडाने उच्चारणेही आम्हाला भयंकर वाटते. प्रेषितांनी विचारले, "खरोखरच तसे वाटते?" ते म्हणाले, "होय." प्रेषित म्हणाले, "हेच तर स्पष्ट ईमान आहे." माझ्या शिक्षकांनी न सांगितलेले अर्धे ते हे होते, आणि ते तुमच्यापर्यंत माझ्यापेक्षा लवकर पोहोचावे म्हणून इतके लांब लिहिले.