‘स्वतंत्र चल’ म्हणजे कशापासून स्वतंत्र?

ऐरोलीच्या एका वाचकांनी विचारले आहे, की ठाण्यातील घोडबंदर रस्त्यावरच्या सदनिकांच्या किमतींचा अभ्यास करताना चटई क्षेत्रफळ आणि खोल्यांची संख्या या दोहोंना ‘स्वतंत्र चल’ म्हणतात (चल म्हणजे बदलू शकणारी राशी, व्हेरिएबल). पण खोल्या वाढल्या की क्षेत्रफळही बहुधा वाढते, मग ही दोन्ही स्वतंत्र कशी? त्यापेक्षा ‘स्वाश्रयी चल’ म्हणणे बरे नाही का, असाही त्यांचा प्रश्न आहे.

शंका अगदी रास्त आहे, कारण ‘स्वतंत्र’ हे एकच विशेषण येथे दोन निरनिराळ्या अर्थांचे ओझे वाहते.

गणितात हे विशेषण चलाचा अंगभूत गुण सांगत नाही. मांडणीतले त्याचे स्थान सांगते. क्ष + य = १४ या समीकरणात कोणतेही चल स्वतंत्र नाही आणि परतंत्रही नाही. य = १४ − क्ष असे लिहिले, की क्षची किंमत निवडण्याची मुभा आपल्याला मिळते आणि यची किंमत आपोआप ठरते; म्हणून क्ष स्वतंत्र. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून निघालेली पहिली गाडी सुमारे ३४ किलोमीटरवरच्या ठाण्याला आली. सुटल्यानंतर अमुक मिनिटांनी ती कोठे होती, असे विचारले तर वेळ हे स्वतंत्र चल. अमुक अंतर कापायला किती मिनिटे लागली, असे विचारले तर अंतर. मात्र गाडी वाटेत थांबली असेल, तर त्या ठिकाणच्या एकाच अंतराला वेळेच्या अनेक किमती जुळतात, आणि दुसऱ्या मांडणीत फलनच, म्हणजे एका किमतीला एकच किंमत जोडून देणारा नियमच, उरत नाही. म्हणजे अदलाबदलही नेहमी शक्य नसते.

संभाव्यताशास्त्रातील स्वातंत्र्य वेगळे आहे. एका चलाची किंमत कळल्याने दुसऱ्याविषयीच्या शक्यता मुळीच बदलत नसतील, तर ती दोन चले स्वतंत्र. हे नाते दोघांमधले आहे. (केवळ सहसंबंध, म्हणजे दोन चले एका सरळ रेषेत किती जुळून बदलतात याचे माप, शून्य असणे पुरेसे नाही: क्षला −१, ० आणि १ या किमती समान संभाव्यतेने मिळत असतील, तर क्ष आणि क्षचा वर्ग यांचा सहसंबंध शून्य येतो, तरी वर्ग पूर्णपणे क्षवरूनच ठरतो.) या अर्थाने क्षेत्रफळ आणि खोल्या स्वतंत्र नाहीत. समाश्रयणात, म्हणजे काही चलांवरून दुसऱ्या चलाचा अंदाज बांधण्याच्या रिग्रेशन या पद्धतीत, त्यांना तसे म्हणतात ते केवळ किमतीचे स्पष्टीकरण देणाऱ्या बाजूला ती उभी असतात म्हणून. त्यांचे आपसांतील नाते फार घट्ट असेल, तर किमतीचा अंदाज चांगला येऊनही त्यात कोणाचा वाटा किती, हे सांगणे कठीण होते.

प्रयोगात गोष्ट निराळी असते. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९१९पासून इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे शेतीच्या प्रयोगांवर काम केले आणि कोणत्या वाफ्याला कोणते खत द्यायचे हे यादृच्छिक निवडीने ठरवण्याचा आग्रह धरला. तेथे खताची मात्रा जमिनीच्या कसावर अवलंबून राहत नाही, म्हणून ‘स्वतंत्र’ हे विशेषण तिला खऱ्या अर्थाने शोभते.

‘स्वाश्रयी’ आणि ‘आश्रयी’ ही जोडी शिक्षणशास्त्र व मानसशास्त्राच्या संशोधनात रुळलेली आहे आणि ऐकायला सुबकही आहे. परंतु आपली अडचण तिने सुटत नाही. ‘स्वाश्रयी’ म्हटल्यावर ते चल कोणाच्याच आधारावर नाही, असा समज उलट अधिक पक्का होतो. माझ्या मते गणितात ‘स्वतंत्र चल’ राहू द्यावे, आणि पाहणीतून मिळालेल्या माहितीसाठी ‘स्पष्टीकारक चल’ व ‘प्रतिसाद चल’ हे शब्द वापरावेत. मग पृच्छकांना असे निःशंकपणे लिहिता येईल: चटई क्षेत्रफळ आणि खोल्यांची संख्या ही किमतीची दोन स्पष्टीकारक चले असून ती परस्परांपासून स्वतंत्र नाहीत.