जुन्या लुगड्यांची गोधडी शिवायला रोटरी कटर घ्यावं की कात्री पुरेल?

ताई, सासूबाईंची सुती लुगडी घरात आहेत, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी येईल तेव्हा तिला गोधडी द्यायची आहे आणि खर्चाला दोन हजार रुपये आहेत, असं तुम्ही धुळ्याहून लिहिलंय. मग आधी चांगली कात्री घ्या. रोटरी कटरचा, म्हणजे फिरत्या गोल पात्याच्या कटरचा, संच पुढच्या गोधडीला बघता येईल. मी अमळनेरला गोधड्या शिवून देते, दोन्ही गोष्टी रोज वापरते, म्हणून हे खात्रीने सांगते.

आपल्या गोधडीत आतल्या थरांना कापायचं काम थोडंच असतं. ते फाडायचे असतात. कडेला कात्रीने बोटभर चीर द्यायची आणि दोन्ही हातांनी ओढायचं. सुती कापड धाग्याच्या रेषेत फाटत जातं, त्यामुळे पट्टी न लावताही कड सरळ मिळते. काठ मात्र आधी कात्रीने वेगळे करा, तिथली वीण घट्ट असते आणि फाटणं अडतं. फाडण्याआधी लुगडं उजेडासमोर धरून बघा. विरलेलं कापड ओढलं की वाटेल तिथे फाटतं, ते कापूनच घ्यावं.

कात्री नऊ किंवा दहा इंची, वाकड्या मुठीची घ्या. जमिनीवर बसून कापताना तिचं खालचं पातं जमिनीलगत राहतं, कापड उचललं जात नाही आणि रेघ हलत नाही. मेरठच्या कात्र्यांना २०१३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. तशी जड, लोखंडी, स्क्रूची कात्री मला सगळ्यात भरवशाची वाटते, कारण ती खोलून धार लावता येते आणि सैल झाली तर आवळता येते. दुकानात जाताना पिशवीत सुती आणि जॉर्जेटची एकेक चिंधी न्या. मुळापासून टोकापर्यंत कापून बघा. टोकाशी कापड कापलं न जाता दोन पात्यांत दुमडलं, तर ती कात्री नको. दुकानदार कापून बघू देत नसेल तर दुसरं दुकान बघा. तुम्ही डावखुऱ्या असाल तर डाव्या हाताचीच कात्री मागा. साधी कात्री डाव्या हातात धरली की पाती एकमेकांपासून दूर ढकलली जातात आणि कापायची रेघही दिसत नाही.

या कात्रीने घरात कुणालाही कागद कापू देऊ नका. कागदातल्या खनिज भरावामुळे धार लवकर बोथट होते. धार लावायची वेळ आली की ओळखीच्या शिंप्याला विचारा, चांगला धारवाला त्यालाच ठाऊक असतो.

आता रोटरी कटर. शंकरपाळे कापायच्या फिरकीसारखं त्याचं गोल पातं कापडावरून फिरवायचं. १९७९ मध्ये जपानच्या ओल्फा कंपनीने ते काढलं. नवं सुती कापड घेऊन एकसारखे चौकोन जोडायचे असतील, तर त्याला तोड नाही. चार इंचांचा चौकोन हवा तर दोन्ही बाजूंना पाव इंच शिवण धरून साडेचारचा कापावा लागतो. एका तुकड्यात एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, फरक पडला, तर बारा तुकड्यांच्या ओळीत दीड इंच होतो, मग ओळी एकमेकींना जुळत नाहीत. तिथे खडूची रेघ आणि कात्री कमी पडते.

पण नुसतं कटर आणून भागत नाही. खाली कापड कापायची मॅट आणि वर जाड अॅक्रिलिकची पट्टी लागतेच. तिघांत मी पट्टीला जास्त पैसे घालीन, माप तीच देते. सहा बाय चोवीस इंचांची घ्या. पातं ४५ मिलिमीटरचं घ्या. २८ चं गोलाईला आणि ६० चं जाड थरांना बरं. सुरुवातीला चारच थर ठेवा, पट्टीवर बोटं पसरून दाबा आणि पातं अंगापासून दूर ढकला. प्रत्येक काप झाला की पातं झाकायचं, घरात लहान मूल असेल तर यात जराही ढिलाई नको.

आपल्याकडच्या उन्हात मॅटला जपावं लागतं. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो. पत्र्याखाली किंवा गच्चीच्या दाराशी उभी ठेवलेली मॅट वाकडी होते आणि मग सपाट होता होत नाही. पलंगाखाली आडवी ठेवा. तिच्यावर इस्त्रीही करू नका.

तुमच्या लुगड्यांत एखादी पॉलिस्टरची साडी निघाली तर ती फाडू नका. तांदळाची कांजी लावून, वाळवून, इस्त्री करून मग कापा. कापड ताठ झालं की घसरत नाही.

तेव्हा दोन हजारांत मोठी कात्री, दोरे तोडायची छोटी कात्री, टेलर चॉक आणि पैसे उरले तर पट्टी. पट्टी चॉकची रेघ मारायलाही कामी येते. पुढे कटर घेतलंच, तर सोबत जादा पाती घ्या. मधेमधे धागे न कापता सुटायला लागले की पातं बदलायचं. जुनं पातं घंटागाडीत सुटं टाकू नका, कचरा वेचणाऱ्यांचे हात कापतात. पत्र्याच्या डबीत घालून चिकटपट्टी लावून द्या.