तिसऱ्या घंटेआधी गजर तपासा

प्रश्न : फोन सायलेंटवर होता, तरी दुसऱ्या अंकात माझा गजर वाजला. रंगमंचावरचे संवाद थांबले, अख्खं नाट्यगृह वळून बघायला लागलं. चुकलं काय? (ठाणे)

सायलेंट केल्यावर रिंग आणि नोटिफिकेशन गप्प होतात. गजराचा आवाज वेगळा असतो. आयफोन ‘डू नॉट डिस्टर्ब’वर असला तरी गजर वाजतोच, आणि बहुतेक अँड्रॉइड फोनमध्येही गजराला मुळातच सूट असते. फ्लाइट मोडने नेटवर्क जातं, घड्याळ चालूच राहतं. संध्याकाळच्या प्रयोगात दगा देतो तो बहुधा गोळीचा गजर.

‘डू नॉट डिस्टर्ब’मध्ये आणखी एक फट आहे. एकाच नंबरवरून लागोपाठ दुसरा फोन आला तर तो वाजू द्यायचा, अशी सोय त्यात असते : आयफोनवर तीन मिनिटांत, अँड्रॉइडवर पंधरा मिनिटांत. आणि आपण उचलला नाही की घरचे लगेच परत लावतात!

म्हणून पहिल्या घंटेला गजरांची यादी उघडा, पुढच्या तीन तासांतले बंद करा आणि मगच फोन बंद करा. क्रम हाच ठेवा, कारण काही अँड्रॉइड फोन बंद असले तरी गजरापुरते आपणहून चालू होतात. हातातल्या स्मार्टवॉचला ‘थिएटर मोड’ असेल तर तो लावा, नाहीतर मनगट हललं की उजेड पडतो. डॉक्टरांसारख्या ज्यांना फोन चालू ठेवणं भागच आहे त्यांनी कडेची खुर्ची घ्यावी आणि फोन व्हायब्रेटवर, अंगावरच्या खिशात ठेवावा. पर्समध्ये किल्ल्यांशेजारी ठेवलेला फोन थरथरला की चार रांगांना ऐकू जातो.

जॅमर बसवा, अशी मागणी अधूनमधून होते. पण केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय जॅमर लावणं बेकायदा आहे, आणि त्याने डॉक्टरांचाही फोन बंद पडेल.

प्रश्न : रात्रीच्या गाडीत समोरच्या बर्थवर साडेअकरापर्यंत रील्स चालू होत्या. बोललं तर भांडण, नाही बोललं तर जागरण. (लातूर)

नियम तुमच्या बाजूने आहे. रात्री दहानंतर मोबाइलवर मोठ्याने बोलणं, मोठ्याने गाणी लावणं चालणार नाही, असे आदेश रेल्वेने जानेवारी 2022 मध्ये काढले. प्रवाशांना समज देण्याचं काम गाडीतल्या कर्मचाऱ्यांना दिलं. तरी सुरुवात नियमाने करू नका. “दादा, इयरफोन आहे का? झोपायचं होतं जरा” एवढं पुरतं. आपला आवाज किती पसरतो हे बऱ्याच जणांना खरंच कळत नसतं. नाही ऐकलं तर टीटीईंना सांगा. ते दिसत नसतील तर 139 वर किंवा रेलमदद अ‍ॅपवर तक्रार करा. पीएनआर, डबा आणि बर्थ क्रमांक हाताशी ठेवा. व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकण्याच्या फंदात पडू नका, त्याने रात्र आणखी लांबते.

प्रश्न : वडिलांना कमी ऐकू येतं, म्हणून बसमध्येही ते स्पीकर लावून ओरडून बोलतात. (सांगली)

ते ओरडतात कारण समोरच्याचं त्यांना ऐकू येत नाही, आणि आजूबाजूला गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवतोच. बसमध्ये स्पीकरने उलट नुकसान होतं : फोन तोंडापासून लांब जातो आणि माइक इंजिनाची घरघर पकडतो. साधा वायरचा इयरफोन द्या. एका कानाने जास्त ऐकू येत असेल तर अ‍ॅक्सेसिबिलिटीमध्ये ‘मोनो ऑडिओ’ चालू करा, म्हणजे दोन्हीकडचा आवाज त्या कानात येईल. कव्हरने खालचं माइकचं भोक झाकलं आहे का तेही बघा. तसं असेल तर पलीकडचा “ऐकू येत नाही” म्हणत राहतो आणि हे आणखी ओरडतात. श्रवणयंत्र असेल तर ते ब्लूटूथने फोनला जोडता येतं का, हे ज्यांच्याकडून घेतलं त्यांनाच विचारा.