पणजीपण भूत होऊन येईल का?

प्रिय चिऊ,

हॅलोविनच्या रात्री मी धाकट्याला झोपवत होतो तेव्हा तू हळूच विचारलेस, ‘बाबा, पणजी गेली ना, मग तीपण अशी भूत होऊन येईल? मराठी लोकांत मेलेली माणसं घाबरवायला येतात का?’ धाकटा माझ्या गळ्याला मिठी मारून हुंदके देत होता, म्हणून मी ‘उद्या सांगतो’ एवढेच म्हणालो. आता तू मराठी शाळेत परिच्छेद वाचू लागली आहेस, तेव्हा उत्तर लिहूनच देतो. जो शब्द अडेल तो मला विचार.

पणजी घाबरवायला येणार नाही. ती आली तर जेवायला येईल.

धाकटा का रडला ते तू पाहिलेसच. पहिल्या दोन घरी त्याने डोक्यावरची मोरपिसांची कागदी टोपी सावरत चिपळ्या वाजवल्या. शेजारच्या आजींनी हातावर सफरचंद ठेवले तेव्हा तू शिकवलेले ‘दान पावलं’ तो बोबडे का होईना पण म्हणाला, आणि आपला वासुदेव डब्लिनच्या गल्लीत फिरतो आहे याचा मला फार आनंद झाला. तिसऱ्या दारातला सांगाडा मात्र कुणी जवळ आले की हात हलवून किंचाळणारा होता. मुखवटा निराळा आणि माणूस निराळा, हे दोन वर्षांच्या मुलाला कळत नाही. त्याच्या दृष्टीने ते हाड खरोखरच ओरडले. त्या दाराशी त्याला नेण्याआधी मी पाहायला हवे होते. पुढच्या वर्षी आपण उजेड असतानाच निघू आणि फक्त ओळखीच्या चार घरी जाऊ.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. आपण राहतो त्या आयर्लंडमध्ये हा सण फार जुना आहे. त्याचे मूळ नाव साउइन असून आयरिश भाषेत नोव्हेंबर महिन्यालाही तेच नाव आहे. सुगी संपून काळोखाचे दिवस सुरू होतात त्या रात्री या जगातले आणि त्या जगातले दार उघडे राहते, अशी इथल्या लोकांची समजूत होती. भटक्या भुतांनी ओळखू नये म्हणून माणसे सोंगे घेत आणि सलगम नावाचा कंद कोरून त्यात दिवा ठेवत. भोपळा पुढे अमेरिकेत गेलेल्या आयरिश लोकांना मिळाला. इथल्याच कॅसलबार गावाजवळच्या संग्रहालयात अशा एका जुन्या सलगमाची प्लॅस्टरची प्रतिकृती ठेवली आहे. त्याचा चेहरा भोपळ्यापेक्षा कितीतरी भेसूर दिसतो. पण चिऊ, हे सगळे परक्या भुतांसाठी होते. आपल्या घरातली गेलेली माणसे त्या दिवसांत परत येतील म्हणून, विशेषतः २ नोव्हेंबरच्या रात्री, इथल्या खेड्यांतली कुटुंबे दाराला कडी न लावता झोपत, चुलीत विस्तव राखत आणि त्यांच्यासाठी पाणी भरून ठेवत. दुकानांतल्या प्लॅस्टिकच्या थडग्यांमुळे ही गोष्ट मुलांपर्यंत पोहोचत नाही, याचे मला वाईट वाटते.

आपल्याकडेही भुतांच्या गोष्टी आहेतच. मुंजा पिंपळावर राहतो आणि हडळीचे पाय उलटे असतात, असे मला लहानपणी सांगत. पण भुतांचा राजा जो वेताळ, तो गोव्यात आमोणे, लोलये अशा गावांचा राखणदार देव आहे. तो रात्रभर गावाभोवती फिरतो आणि त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून लोक त्याला नव्या वहाणा वाहतात. घरातली गेलेली माणसे तर आपल्याकडे भूत नसतातच. त्यांना पितर म्हणतात. भाद्रपदाच्या वद्य पक्षात, म्हणजे गणपती गेल्यानंतरच्या पंधरवड्यात, त्यांची तिथी पाहून त्यांना जेवायला बोलावतात, आणि त्यांच्या नावाने कावळ्यासाठी पान वाढतात.

सप्टेंबरमध्ये मी मागच्या अंगणातल्या भिंतीवर केळीचे पान ठेवले होते ते तुला आठवते का? तू खिडकीतून ओरडलीस, ‘बाबा, कावळा आला, पण त्याने करडा स्वेटर घातलाय!’ इथल्या एका जातीच्या कावळ्यांचे अंग तसे करडेच असते. त्याने आधी वडा उचलला, भिंतीच्या कडेला नेऊन ठेवला, आणि मग परत येऊन खिरीत चोच घातली.

ती खीर गव्हल्यांची होती. पणजीला तीच आवडायची.

तुझा,
बाबा