वजन ६२ वर टिकून आहे, मग पाय का लटपटतात?

"मॅडम, आईंचं वजन चार वर्षं ६२ किलोच आहे. मग खुर्चीतून उठताना हात का द्यावा लागतो? वयच ना?" सून विचारत होती. ७४ वर्षांच्या आजी शेजारी गप्प बसून होत्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

काट्याला स्नायू आणि चरबी यांतला फरक कळत नाही. मी टेप काढली. पाय जमिनीला टेकवून, टेप न आवळता पोटरीचा सर्वांत जाड भाग मोजला: ३०.५ सेंमी. आशियाई बायकांत घेर ३३च्या खाली असेल तर स्नायू झिजल्याची शंका घ्यायची. पायावर सूज असली की हा आकडा फसवतो, म्हणून आधी अंगठ्याने दाबून पाहिलं होतं. कंबर मात्र ९४! पायांतला स्नायू गेला होता आणि पोटावर चरबी जमली होती. मग हातांची घडी छातीवर ठेवून पाच वेळा उठ-बस करायला लावली. १२ सेकंदांच्या आत व्हायला हवी. आजींना १९ लागले.

खाण्याचं विचारलं तर सून म्हणाली, "सगळं खातात." या 'सगळं'वर माझा विश्वास नसतो. काल काय काय खाल्लं, ते एकेक विचारत गेले. सकाळी चहात बुडवून खारी, दुपारी मऊ भात आणि वरचं पातळ वरण, रात्री दूध-पोळी. सोमवार, गुरुवार आणि एकादशीला साबुदाणा. एवढ्यात आजी पुटपुटल्या, "कवळी टोचते गं. उसळ चावत नाही." सून बघतच राहिली. सात-आठ महिने ती कवळी फक्त पाहुण्यांपुरती तोंडात जात होती.

म्हणून पहिली चिठ्ठी दंतवैद्यांच्या नावाने. क्रिएटिनिन (किडनीचं काम पाहायची रक्ततपासणी) ठीक आलं, तेव्हा किलोमागे एक ग्रॅमच्या हिशेबाने प्रथिनं वाढवली (किडनीचं दुखणं असेल तर हे डॉक्टरांना विचारूनच). घट्ट वरण, मुगाचं धिरडं, दही, उपासाला वरीबरोबर दाण्याची आमटी. आणि दोन्ही जेवणांआधी खुर्ची भिंतीला टेकवून दहा उठ-बशा, सुनेच्या देखत.

तीन महिन्यांनी वजन ६२च. सून जरा हिरमुसली. पोटरी अर्ध्या सेंटिमीटरने वाढलेली. एवढा फरक टेपचाही असतो, मी तो धरला नाही. उठ-बस मात्र १४ सेकंदांत.

"संडासात आता कुणाला हाक मारावी लागत नाही," आजी म्हणाल्या. "तिथली ती भिंतीतली दांडी काढून टाकू का?"

ती मात्र मी काढू दिली नाही.