वाचकांचे प्रश्न : वसंतातली वाई

लहान शहरांत वसंत ऋतूत होणारे उत्सव, व्याख्याने, प्रदर्शने यांविषयी वाचकांनी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन आम्ही केले होते. आलेल्या पत्रांपैकी बरीचशी सातारा जिल्ह्यातील वाईसंबंधी आहेत. म्हणून या वेळचे सदर वाई आणि तिचा परिसर यांच्यापुरते ठेवले आहे. शेवटचा प्रश्न दुसऱ्या गावचा असला तरी त्याचे उत्तर वाईतूनच जाते.

प्रश्न : आईवडिलांना घेऊन मार्च किंवा एप्रिल महिन्यात दोन दिवस वाईला जाण्याचा विचार आहे. कृष्णाबाईचा उत्सव पाहण्याची दोघांचीही फार दिवसांची इच्छा आहे. परंतु ज्याला विचारावे तो वेगळीच तारीख सांगतो. नक्की केव्हा जावे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : ज्याला विचारावे तो वेगळी तारीख सांगतो, आणि गंमत म्हणजे त्यांतले बहुतेक जण खरेच सांगत असतात. कृष्णाबाईचा, म्हणजे देवीरूप कृष्णा नदीचा, उत्सव हा एका दिवसाचा किंवा एका मैदानातला कार्यक्रम नाही. वाईत कृष्णेला सात घाट आहेत. गणपती आळी, मधली आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी, गंगापुरी अशी त्या घाटांमागच्या वस्त्यांची नावे आपण ऐकली असतील. थंडी ओसरू लागली की उत्सव सुरू होतो, एका घाटावरचे दिवस संपले की दुसऱ्या घाटाकडे जातो आणि असा घाटाघाटाने चैत्रापर्यंत चालतो. अफजलखानाच्या स्वारीच्या वेळी कृष्णामाईला बोललेल्या नवसापासून तो सुरू झाला, असे परंपरेने सांगितले जाते. ज्या आळीचे दिवस चालू असतात तिथले रहिवासी मंडप घालतात, देवीची स्थापना करतात, कीर्तन-प्रवचनाची व्यवस्था पाहतात, हळदीकुंकू आणि महाप्रसाद करतात. त्यामुळे गणपती आळीतला माणूस आपल्याला त्याच्या आळीचे दिवस सांगणार आणि गंगापुरीतला त्याच्या. आपण जाण्याचे दिवस आधी ठरवावेत आणि त्या दिवसांत उत्सव कोणत्या घाटावर आहे एवढेच मुक्कामाच्या ठिकाणी दूरध्वनी करून विचारावे. उलट क्रमाने गेल्यास गोंधळ वाढतो.

दुसरी अडचण तिथीची आहे. हे सगळे उत्सव चांद्र पंचांगावर चालतात आणि चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असल्यामुळे इंग्रजी तारीख दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते. अधिक मास आला की ती पुन्हा पुढे ढकलली जाते. गुढीपाडवा २०२४ मध्ये ९ एप्रिलला, २०२५ मध्ये ३० मार्चला आणि २०२६ मध्ये १९ मार्चला आला, यावरून अंदाज यावा. गेल्या वर्षी एखादे नातेवाईक अमुक तारखेला जाऊन आले म्हणून त्याच तारखेचे आरक्षण करू नये. ही चूक फार जण करतात आणि रिकाम्या घाटाची छायाचित्रे घेऊन परततात.

आईवडील बरोबर असल्यामुळे वेळेविषयी आग्रहाने सांगावेसे वाटते. घाटाच्या पायऱ्या काळ्या दगडाच्या आहेत. चैत्रातल्या दुपारी त्या इतक्या तापतात की मंदिरात जाण्यासाठी चपला काढलेल्या माणसाला चार पावले टाकणे अवघड होते. सकाळी नऊच्या आत किंवा ऊन उतरल्यावर जावे. संध्याकाळची वेळ अधिक चांगली, कारण कीर्तनाला गावातील मंडळी तेव्हाच जमतात. गुडघ्याचा त्रास असेल तर पाण्यापर्यंत उतरण्याचा हट्ट नको. मंडपात बसून कीर्तन ऐकणे हाच उत्सवाचा गाभा आहे आणि पाहुण्यांना तिथे जागा करून दिली जाते. महाप्रसादाला बसायचे असल्यास पंगतीच्या वेळेपूर्वी जाऊन तिथल्या कार्यकर्त्यांना तसे सांगावे. हा आळीने वर्गणी काढून केलेला स्वयंपाक असतो, तेव्हा निघताना पावती फाडणे शोभून दिसेल.

सकाळचा वेळ ढोल्या गणपतीसाठी ठेवावा. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये हे मंदिर बांधले. भाविक भव्य मूर्तीचे दर्शन घेतात आणि समोरूनच परत फिरतात. आपण मंदिराला वळसा घालून मागची भिंत अवश्य पाहावी. ती सपाट नसून माशासारखी निमुळती होत गेलेली आहे, म्हणजे कृष्णेला पूर आला की पाणी त्या टोकावर दुभंगते आणि दोन्ही अंगांनी निघून जाते. आमच्या मते वाईतील सर्वांत बुद्धिमान दगडकाम हेच आहे. दुसऱ्या दिवशी जवळच्या मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा, त्याच्या पाठीमागचा घाट आणि वसईच्या मोहिमेनंतर तिथे आणलेली पोर्तुगीज घंटा पाहता येईल. दोन दिवसांत एवढे पुरे. पाचगणी-महाबळेश्वर याच फेरीत उरकण्याचा मोह टाळावा.

प्रश्न : बावधनचे बगाड पाहण्यासाठी सात आणि दहा वर्षांच्या मुलांना नेणे योग्य होईल का? घरात यावरून मतभेद आहेत. (एक वाचक, पुणे)

उत्तर : वाईजवळच्या बावधन गावी भैरवनाथाच्या यात्रेत फाल्गुन वद्य पंचमीला, म्हणजे रंगपंचमीला, बगाड निघते. बगाड्या, म्हणजे गाड्यावर बांधला जाणारा माणूस, कोण होणार हे होळीच्या रात्री मंदिरात कौल लावून ठरते. कृष्णाकाठच्या सोनेश्वरापासून लाकडी गाडा निघतो, त्यावर उभारलेल्या लांबच लांब शिडाच्या, म्हणजे लाकडी खांबाच्या, टोकाला बगाड्याला बांधलेले असते आणि बैलांच्या जोड्या बदलत बदलत तो गाडा शिवारातून गावापर्यंत ओढला जातो. जुन्या काळी बगाडात माणसाच्या पाठीत गळ टोचत असत. आता तसे होत नाही, त्यामुळे मुलांनी काही भयंकर पाहावे लागेल या भीतीला आधार नाही.

धोका आहे तो गर्दीचा आणि बैलांचा. गाडा एकदा हलला की तो कुठे थांबेल, किती वेळ थांबेल आणि पुन्हा केव्हा उसळेल याचा नेम नसतो. हाकाटी, गुलाल आणि धूळ यांत पाठीमागचे लोक पुढे रेटतात. दहा वर्षांच्या मुलाला नेण्यास हरकत नाही, परंतु दूरच्या बांधावरून किंवा ओळखीच्या घराच्या गच्चीवरून पाहावे. सात वर्षांच्या मुलाला या वर्षी घरी ठेवावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. गाडी गावापासून बरीच दूर लावावी लागते आणि परतीला तेवढेच चालावे लागते, तेव्हा पाणी व टोप्या बरोबर असाव्यात. छायाचित्रासाठी वाटेत आडवे उभे राहणाऱ्या पाहुण्यांवर गावकरी ओरडतात, आणि ते रास्तच आहे.

प्रश्न : मे महिन्यात ताजी स्ट्रॉबेरी मिळेल का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : भरवसा ठेवू नये. महाबळेश्वर-पाचगणी भागातील हंगाम साधारणपणे हिवाळ्यात सुरू होऊन एप्रिलपर्यंत ओसरतो. मेमध्ये करवंदे आणि जांभळे खावीत.

प्रश्न : नोकरीमुळे मला फक्त मे महिन्यातच रजा मिळते. तोपर्यंत कृष्णाबाईचा उत्सव आणि यात्रा संपलेल्या असतात. मग वाईला जाण्यात काही अर्थ उरतो का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : ज्याला ऐकण्याची आवड आहे त्याच्यासाठी मे हाच वाईचा महिना आहे. लोकमान्य टिळक स्मारक संस्थेची वसंत व्याख्यानमाला या महिन्यात असते. उन्हाळ्याच्या संध्याकाळी गावाने एकत्र बसून भाषण ऐकावे ही पद्धत महाराष्ट्रात न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या व्याख्यानमालेपासून रुजली. वाईच्या मालेनेही शंभरी ओलांडली आहे. एवढ्याशा गावात हे टिकले कसे, असे अनेकांना वाटते. नारायणशास्त्री मराठे यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेली प्राज्ञपाठशाळा, त्याच परंपरेतून आलेले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, आणि त्यांच्या संपादकत्वाखाली वाईतून सिद्ध झालेला, १९७६ मध्ये पहिला खंड प्रसिद्ध झालेला मराठी विश्वकोश, हे लक्षात घेतले की उत्तर मिळते. इथल्या श्रोत्याला विद्वान माणूस नवा नाही. तो वक्त्याला पाणी जोखून पाहिल्यासारखे ऐकतो आणि नंतर बाहेर चहा पिताना आपले मत उघड सांगतो. त्या दिवशीचा विषय आपल्या आवडीचा नसला तरी जाऊन बसावे. कृपया भाषण चालू असताना मध्येच उठून जाऊ नये. लहान सभागृहात ते सर्वांना दिसते.

दिवसा उकाडा असतो, म्हणून सकाळी पसरणीचा घाट चढून पाचगणीपलीकडच्या भिलारला जावे. ४ मे २०१७ रोजी ते पुस्तकांचे गाव म्हणून जाहीर झाले. गावकऱ्यांच्या घरांत, पडव्यांत आणि मंदिरात विषयवार पुस्तके मांडलेली असतात आणि तिथे बसून वाचता येते. फळ्या पाहून, फलकाजवळ छायाचित्र काढून अर्ध्या तासात परतणारे पुष्कळ भेटतात; त्यांच्यात सामील होण्यापेक्षा एका घरात बसून एक पुस्तक निम्मे तरी वाचावे. चित्रांची आवड असल्यास एक दिवस राखून साताऱ्याहून पुढे खटाव तालुक्यातील औंधला जावे. भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३८ मध्ये उभारलेल्या तिथल्या श्रीभवानी संग्रहालयात राजा रविवर्मा यांची मूळ चित्रे आहेत, आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराची कृतीही आहे. एका लहान संस्थानाच्या गावात हे कसे आले, असा विचार करत माणूस बाहेर पडतो.

प्रश्न : आमच्या बार्शीच्या महिला मंडळाने यंदा सार्वजनिक चैत्रगौरीचे हळदीकुंकू आणि त्याबरोबर घराघरांतील जुन्या वस्तूंचे प्रदर्शन करायचे ठरवले आहे. हाताशी पैसा बेताचा आहे. दिवस, मांडणी आणि खबरदारी याविषयी मार्गदर्शन करावे. (एक वाचक, बार्शी)

उत्तर : चैत्र शुद्ध तृतीयेला गौर बसते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत तिचे हळदीकुंकू करता येते, म्हणजे आपल्या हाताशी चांगला महिना आहे. त्यातले पहिले आठवडे टाळावेत. बहुतेक शाळांच्या वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये चालू असतात, आणि ज्या घरात मूल परीक्षेला बसले आहे त्या घरातील बाई मंडळाच्या कामाला मोकळी नसते. परीक्षा आटोपल्यावरचा शेवटचा आठवडा धरावा. मुलेही वस्तू मांडायला आणि माहिती सांगायला मिळतील.

सगळा भार मंडळाच्या चार-पाच जणींनी उचलू नये. वर पहिल्या उत्तरात वाईच्या घाटांची जी व्यवस्था सांगितली, ती आपणही उचलावी. एका पेठेने आरास करावी, दुसरीने डाळ-पन्हे, तिसरीने प्रदर्शन, आणि पुढच्या वर्षी कामे फिरवावीत. आपल्या पेठेचे नाव राखायचे असले की वर्गणीही निघते आणि माणसेही येतात. मोठ्या देणगीदाराच्या शोधात दारोदार हिंडण्यापेक्षा हा मार्ग आम्हाला खात्रीचा वाटतो. देणगीदार एखाद्या वर्षी येत नाही आणि मग उत्सवच बंद पडतो.

आंब्याच्या डाळीविषयी विशेष सांगणे आहे. हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवून, पाणी पूर्ण निथळून भरड वाटावी, तिच्यात कैरीचा कीस आणि मिरची घालून वरून गार केलेली फोडणी द्यावी, हे आपल्याला ठाऊकच आहे. मात्र चार माणसांची डाळ आणि चारशे माणसांची डाळ यांत फरक असा की सोलापूर जिल्ह्यातील उन्हात वाटलेली डाळ तासा-दोन तासांत आंबू लागते. सकाळीच एकदम सगळी वाटून ठेवू नये. भिजवलेली डाळ थंड जागी ठेवून थोडी थोडी वाटत राहावी. पन्ह्याच्या पाण्याचीही तीच काळजी घ्यावी, आणि बर्फ विकत घेणार असाल तर तो खाण्याच्या पाण्याचा आहे याची आधी खात्री करावी.

प्रदर्शनात वस्तू कमी आणि माहिती जास्त असावी. पितळी डबे, सुपाऱ्यांचे अडकित्ते, पाटा-वरवंटा यांची रास लावली तर ती भंगाराच्या दुकानासारखी दिसते. त्याऐवजी प्रत्येक वस्तूजवळ ती कोणत्या घरातली, कोण वापरत असे, तिच्याने काय करत असत, हे तीन-चार ओळींत ठळक अक्षरांत लिहावे. शक्य असेल तिथे ती वापरणाऱ्या आजींनाच शेजारी बसवावे. चैत्रांगणाच्या रांगोळीतील कासव, शंख, सूर्यचंद्र, पाळणा ही चिन्हे काढणाऱ्या एखाद्या जाणत्या बाईंकडून ती सर्वांसमोर काढून घेतल्यास प्रदर्शनाचे उद्घाटन वेगळे करण्याची गरज राहणार नाही.

जुनी कागदपत्रे आणि मोडी दस्तऐवज कोणी दिले तर मूळ कागद मांडू नयेत. स्कॅन करून छापलेली प्रत लावावी आणि मूळ कागद त्याच दिवशी परत करावा. त्यांना चिकटपट्टी लावणे किंवा लॅमिनेशन करणे म्हणजे ते कायमचे बिघडवणे होय. वस्तू घेताना वहीत तिचे वर्णन, आधीचा पोचा किंवा तडा आणि देणाऱ्याची सही घ्यावी. ही वही नसल्यामुळे पुढे नात्यांत वितुष्ट येते.

एक गोष्ट आपण विचारली नाही, तरी लिहितो. हळदीकुंकवाचे सार्वजनिक निमंत्रण काढताना ‘सुवासिनींसाठी’ हा शब्द त्यात नसावा. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्यानंतरही शहरांतल्या मंडळांनी जुनी चौकट धरून बसावे हे बरे दिसत नाही. पन्हे पिण्यासाठी आणि आपल्या सासूबाईंची परात दाखवण्यासाठी कोणीही यावे.

ध्वनिक्षेपकाची परवानगी आधी काढावी. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर तो लावता येत नाही, तेव्हा भजनाचा किंवा भोंडल्यासारख्या खेळांचा कार्यक्रम ठेवणार असाल तर तो संध्याकाळी लवकर सुरू करावा आणि भाषणे शक्य तितकी कमी ठेवावीत.